बिननावाचा गोऱ्हा

१२ डिसेंबर २०२४

गोऱ्ह्याने आज पुन्हा दावं तोडलं! नवंकोरं, नायलॉनचं. दुकानदार म्हणाला होता, आंटी, याने होड्या बांधतात. होडीला शिंगं नसतात हे त्याला कोण सांगणार.

सरळ केळीत शिरला. राजेळीचा घड पाडला, अर्धा खाल्ला, उरलेल्या अर्ध्यावर उभा राहिला. मी काठी घेऊन गेले तर असा बघतो, जणू वाडी त्याची आणि मीच पाहुणी. शेवटी काठी टाकली, मानेखाली खाजवलं, आला मुकाट्याने मागे. अजून येतो. पण वशिंड भरत चाललंय. असाच किती दिवस येईल सांगता येत नाही.

फ्रान्सिसने, माझ्या नवऱ्याने, याला पाहिलंच नाही. गेल्या वर्षी तो हॉस्पिटलात, आणि इकडे आमची गाय मोगरी व्यायली. इतकी वर्षं ती कालवडीच देत आली. दर खेपेला फ्रान्सिस गोठ्यात वाकून बघायचा आणि ‘बरं, बरं, हीही बरी’ म्हणत बाहेर यायचा. त्याला हवा होता बैल. बावखलावरचा, वाडीतल्या तळ्यावरचा, रहाट त्याने रिटायर झाल्यावर स्वतःच्या हाताने दुरुस्त केला. चाकाचे दात बदलले, गाडगी बांधली. सगळं तयार. ओढायला कोणी नाही! मोटारीचं बटण दाबायचा आणि रहाटाकडे बघत बसायचा.

मी फोन केला, गोऱ्हा झाला म्हणून.  हसला आणि म्हणाला, “नाव ठेवू नका हां अजून. माझ्या मनात आहे.”

या घराची रीतच तशी. कालवडीला पहिल्या दिवसापासून नाव, गोऱ्ह्याला नाही. तो खच्ची झाला, बैल झाला, कामाला लागला, की मग नाव. सासरे सांगायचे, नाव ठेवलं की जीव जडतो, मग ते काम हातून होत नाही. म्हणून तोवर नुसतं ‘ए गोऱ्ह्या’.

त्याच आठवड्यात फ्रान्सिस गेला. मनातलं नाव मनातच घेऊन गेला. विचारायचं राहिलं. आणि जीव तर बिननावाचाच जडून बसलाय!

१५ डिसेंबर

केविन आला होता. माझा मुलगा राहतो समोरच, बोळिंजच्या टॉवरमध्ये, पण येतो पाहुण्यासारखा. अकराव्या मजल्यावरून त्याला आमची वाडी दिसते. म्हणतो, आई, वरून गोऱ्हा शेंगदाण्याएवढा दिसतो. म्हटलं, खाली येऊन बघ एकदा त्या शेंगदाण्याला.

या वर्षी आळीच्या गव्हाणीचं काम त्याच्याकडे आहे. क्रूसापाशी दरवर्षी पुठ्ठ्याची गुरं असतात. यंदा खरी हवीत! बाळ येशूच्या एका बाजूला गाय, एका बाजूला बैल. गाय म्हणून शेजारच्या प्रिस्काची कालवड. मोगरी आता म्हातारी, तिला तिथे उभं करणं बरं नाही. आणि बैल म्हणून आपला.

म्हटलं, तो बैल नाही, गोऱ्हा आहे.

“आई, लांबून कोणाला कळतंय!”

खरंच आहे. लांबून कोणाला काही कळत नाही. नेऊ दे.

२३ डिसेंबर

दिवसभर नाताळचं तळण, नेवऱ्या आणि कलकल. हात भरून आले. प्रिस्का मदतीला होती. तिचं तोंड हातापेक्षा जास्त चाललं. पूर्वी नाताळच्या आठवड्यात रहाट बंद ठेवायचे, बैलांनाही सुट्टी. त्यांच्या शिंगांना सासूबाई तेल लावायच्या आणि एकेक नेवरी खायला घालायच्या. मी नवी सून, हसले होते. ‘हसू नको,’ म्हणाल्या, ‘गोठ्यात जन्मला तो. सगळ्यात आधी कोणी पाहिला?’

आज मोगरीला दिली एक. गोऱ्ह्याला दोन. लाड!

२५ डिसेंबर

नाताळ! आणि काय नाताळ!!

काल संध्याकाळी दोघांना गव्हाणीत बांधलं. दिसत होती मात्र झक्क. पेंढा, तारा, मधे मूर्ती, दोन्ही बाजूंना खरीखुरी जनावरं. टॉवरमधली माणसं मोबाइल घेऊन रांगेत. कालवड सारखी हंबरत होती. प्रिस्का म्हणाली, सकाळपासूनच चालू आहे, नवी जागा ना, बुजलीय. मग आम्ही सगळे चर्चमध्ये मिस्सेला गेलो. राखायला कोणी राहिलं नाही. नाताळची मिस्सा चुकवून गुरं कोण राखणार?

परत येऊन बघतो तर गोऱ्ह्याने दावं तोडलेलं, खांब आडवा, तारा खाली. पेंढा सगळीकडे. संत योसेफ पालथे! मारियामाता आणि बाळ जागच्या जागी, देवाची कृपा. गोऱ्हा मधोमध उभा, धापा टाकतोय. आणि प्रिस्काची कालवड एका कोपऱ्यात शांतपणे मेंढपाळाच्या पायाखालचा पेंढा खातेय. तिने मात्र दावं तोडलं नाही हो, शहाणी! प्रिस्काने तेवढ्यात मला ऐकवूनही घेतलं, की बघ, पोरीची जात कशी गुणाची.

केविन तोंड पाडून बसला. सगळ्या आळीसमोर लाज गेली म्हणाला. योसेफांच्या नाकाचा टवका उडालाय. मी पिठाने बसवून बघितला, बसला नाही.

२६ डिसेंबर

बोलणं झालं. होणारच होतं.

केविनचं म्हणणं, पुरे. उद्या पोराबिराला शिंग लागलं तर? त्याच्या सोसायटीतल्या लोकांनी गव्हाणीचे फोटो ग्रुपवर टाकलेत, खाली लिहिलंय – अशी जनावरं लोकवस्तीत कशी? एक गोशाळा आहे म्हणे लांब, वाडा तालुक्याच्या बाजूला. तिकडे देऊन टाकू. ‘तुलाही आता होत नाही, आई.’

मला होत नाही! याला न्हाऊ घातलं, याच्या बापाला शेवटपर्यंत उचलून बसवलं, आणि आता मला एक गोऱ्हा होत नाही.

पण चूक त्याचीही नाही. माजलेलं जनावर वाडीत सोडणं मलाही पटत नाही. म्हटलं, खच्ची करू. बैल झाला की शांत होईल. तुझ्या पप्पांना तो रहाटासाठीच हवा होता. ईस्टरपर्यंत थांब. तोवर रहाटाला वळला नाही, तर मी स्वतः गाडीत चढवून देईन.

केविन म्हणाला, “चालेल. पण कसं करायचं ते तू ठरव. मी त्यात नाही.”

बरं. मी ठरवते.

२८ डिसेंबर

कॉन्रॅड भावोजी आले. फ्रान्सिसचे थोरले. कानोकानी बातमी गेलीच होती. चहाला नाही म्हणाले, म्हणजे विषय गंभीर.

पूर्वी आळीतले सगळे गोऱ्हे तेच बडवायचे. दोन गुळगुळीत दांडे होते त्यांच्याकडे, मधे धरायचं आणि ठेचायचं. चार माणसं पाय धरून. लिहितानाही अंगावर काटा येतो. ते मात्र सांगताना रंगतात. हात आता थरथरतात, कप धरवत नाही, तरी म्हणतात मी बसतो समोर, पोरांना सांगतो कसं ते.

“डाक्टरचा चिमटा म्हंजे कच्चा काम,” म्हणाले. “अन आताशी कशाला? मान भरू दे आधी. दोन दात येवदे. लवकर केला का बैल नुसता उंच होतो, ओढीत काय नाय.”

मान भरेपर्यंत सगळी आळी रिकामी करील तो, म्हटलं. रागावले. जाताना मात्र गोठ्यात डोकावले. कितीतरी वेळ त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते.

माझं लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. अंगणात गोऱ्हा आडवा पाडलेला. आम्हा बायकांना घरात बसवून सासूबाईंनी रोझरी सुरू केली, मोठ्या आवाजात, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये. मी खिडकीतून बघितलं. फ्रान्सिस अंगणात नव्हताच. तो बावखलाच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेला. एवढा मोठा बाप्या! भावोजींनी त्यावरून त्याला जन्मभर चिडवलं. त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही.

सगळे पांगल्यावर तोच आला. हळद-तेल घेऊन. त्या बैलाला बसू द्यायचं नसतं, सूज उतरते म्हणून चालवत ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही तोच चालवत होता, केळींमधून, पाटाच्या कडेने. हळू आवाजात काहीतरी सांगत. मी पाणी घेऊन गेले तर गप्प झाला. लाजला.

मला वाटतं, नवरा म्हणून तो मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

३१ डिसेंबर

वर्ष गेलं. गोऱ्ह्याने माझा वाळत घातलेला परकर खाल्ला.

३ जानेवारी २०२५

‘मी त्यात नाही’ म्हणणाऱ्या केविनने ऑनलाइन काहीतरी मागवलंय! पुडीत हिरव्या रबरी रिंगा आणि त्या ताणायची एक पक्कड. व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशातलं मोठं कुरण, टोपीवाला माणूस, वासरू उभं, रिंग चढवली, झालं. रक्त नाही, आवाज नाही. हळूहळू सुकून आपोआप गळून पडतं म्हणे.

रिंग बघितली. माझ्या अंगठ्यात जेमतेम जाईल एवढी. मग दोघंही गोठ्यात गेलो आणि मागून गोऱ्ह्याकडे बघितलं.

केविन म्हणाला, “साइज चुकला वाटतं.”

किती दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो! फ्रान्सिस गेल्यापासून नाहीच. दावणीला धरून हसत होतो. गोऱ्हा आमच्याकडे बघत होता, बिचारा.

५ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टर आल्या, विनिता. मनवेलपाड्याला राहतात, स्कूटरवरून येतात. तरुण आहेत. आधी मोगरीला तपासलं. मोगरी आता गाभण राहणार नाही, वय झालं म्हणाल्या. माहीत होतं. तरी कोणी तोंडाने म्हटलं की लागतं.

रिंगा बघून कपाळाला हात लावला. हे दुधपित्या वासराला, आंटी, जन्मल्यावर लगेच. एवढ्या मोठ्याला लावली तर कुजेल, धनुर्वात होईल. बडवणं तर मी असताना होऊ देणार नाही. राहिले दोन मार्ग. एक, भूल देऊन चिरून काढायचं. पक्कं काम, पण उघडी जखम, माश्या, रोज बघावं लागेल. दुसरा चिमटा. कातडी फाटत नाही, आतली नस तेवढी दबते. एकेक बाजू वेगळी. तेही भूल देऊन. मग हळूहळू आपोआप आक्रसतं.

“कच्चं काम असतं का ते?” मी विचारलं.

“नीट केलं तर नाही. पण केल्यावर महिनाभर तरी गाईंपासून लांब ठेवा. लगेच बैल नाही होत तो. आणि विचार करून सांगा, आंटी. एकदा केलं की परत नाही येत.”

एकदा केलं की परत नाही येत. दुपारभर तेवढंच कानात.

८ जानेवारी

झोप नाही.

कोणाशी बोलता येत नाही, हसतील. म्हणून इथे लिहिते. चिमटा की सुरी, हा प्रश्नच नाही माझा. मोगरीला आता होणार नाही. तिच्या सगळ्या कालवडी गावोगाव गेल्या, कोणाचा पत्ता नाही. हा एकच राहिला. याला खच्ची केलं की संपलं. मोगरी चमेलीची नात, चमेली शेवंतीची. शेवंती माझ्या लग्नाच्या आधीपासून या गोठ्यात. सासूबाई म्हणायच्या, त्यांच्या सासूने आगाशीहून चालवत आणली होती, पदराला बांधून. फ्रान्सिस शेवंतीच्या दुधावर वाढला. केविन चमेलीच्या.

न करावं, तर गोऱ्हा गोशाळेत जातो. करावं, तर गोऱ्हा राहतो आणि पुढचं सगळं संपतं. म्हणजे मी त्याला ठेवून घ्यायचं, तर ते त्याला शेवटचा करूनच! असला कसला हिशेब, देवा?

पूर्वी पहाटे रहाटाच्या आवाजाने जाग यायची. आधी आमचा, मग पलीकडच्या वाडीचा, मग पार गास गावापर्यंत एकेक. कर्र, कर्र. प्रत्येकाचा आवाज निराळा. अंथरुणात पडल्या पडल्या फ्रान्सिस सांगायचा, आज अमक्याचा उशिरा लागला, तमक्याने तेल घातलं नाही. पाटातून पाणी सुटायचं. थंडगार. मोगऱ्याच्या वाफ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागायचा आणि आपण आधी जाऊन उभं राहायचं, पाय भिजवायला. आता बटण दाबलं की पाइपातून भसकन येतं. त्यात पाय घालावासा वाटत नाही.

आज रहाटाच्या चाकाला हात लावून आले. कोळ्याने जाळं केलंय.

११ जानेवारी

ठरलं. चिमटा. भूल देऊन.

कारण कोणी विचारलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं सांगेन. जखम नाही, माश्या नाहीत. खरं कारण ती बावखलाची पायरी. कानांवर हात ठेवून बसलेला माणूस. त्याला बैल हवा होता, पण तो आवाज नको होता. दोन्ही मिळण्याची सोय तेव्हा त्याच्यापर्यंत आली नव्हती. आता आहे. मग त्याच्या गोऱ्ह्याला ती का मिळू नये?

भावोजींना फोन केला. ‘करा तुमच्या मनासारखा’ म्हणाले आणि ठेवला. रागावलेच. रागावू देत.

१८ जानेवारी

झालं.

सकाळी विनिता डॉक्टर आल्या, मदतीला त्यांचा एक माणूस. केविनने सुट्टी घेतली. मी सांगितलं नव्हतं! पाय बांधायला दोर मऊ हवा म्हणून माझ्या जुन्या साड्या फाडल्या. गोऱ्हा सगळ्यांकडे बघतोय, मला बघितल्यावर शेपटी हलवतोय. 

आणि फाटकाशी भावोजी! इस्त्रीचा शर्ट घालून, मिस्सेला जावं तसे.  सरळ जाऊन गोऱ्ह्याच्या डोक्याशी बसले, त्याचं तोंड मांडीवर घेतलं, डोळ्यांवर हात ठेवला. थरथरता हात. गोऱ्हा गप्प राहिला.

मी घरात जाणार होते. रोझरी हातात होती. पण नाही गेले. दारात उभी राहिले, सगळं बघितलं. सुई. थांबणं. चिमटा, आधी एका बाजूला, मग जरा खाली दुसऱ्या बाजूला. लोखंडाचा ‘टक्’ एवढा आवाज. तो हंबरला नाही. पाय एकदा ताणले, बस.

भावोजी खाली बघत होते. मग डॉक्टरांना नाही, मला नाही, असंच कोणाला तरी म्हणाले, “फ्रान्सू असता तर चिडवला असता मला. एवढाच काम हाय, अन आपन काय करीत होतो.”

डोळे पुसले. चहा घेतला. बशीत ओतून, दोन्ही हातांनी.

मोगरी गोठ्यात उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही मला. शेवंती, चमेली, मोगरी. संपलं.

२० जानेवारी

सूज आहे. डॉक्टर म्हणतात असते. केविन ऑफिसच्या आधी येऊन त्याला चालवतो! केळींमधून, पाटाच्या कडेने. बूट घालून, हळू आवाजात कोणाशी तरी बोलत. मी पेज घेऊन गेले तर एकदम गप्प झाला. मला वाटलं मीटिंग असेल. पण कानात ते फोनचं बटण नव्हतंच.

बापाचं पोर आहे. मी पेज ठेवली आणि परत फिरले.

११ फेब्रुवारी

सूज गेली. खातो चांगला. पण माझ्यामागे येत नाही आता, लांबूनच बघतो. रुसलाय. रुस बाबा, तुझा हक्क आहे.

प्रिस्काची कुरकुर चालू. तिची कालवड नाताळपासून माजावर आलीच नाही. डॉक्टरकडून भरवून घ्यायची होती, थांबलीय. म्हणते, तुझ्या गोऱ्ह्याने त्या दिवशी एवढी दाणादाण केली, माझी पोर घाबरली, तेव्हापासून हे असं. वांझ निघाली तर विकून टाकेन आणि वर तुझं नाव सांगेन. म्हटलं, सांग. योसेफांच्या नाकाचं खापर आमच्यावर आहेच, हेही असू दे.

२३ फेब्रुवारी

आज जवळ आला. मानेखाली खाजवून घेतलं. मी तिथेच बसून रडले. मूर्ख बाई.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख, पोटात उपास. ईस्टर जवळ आला आणि गोऱ्हा अजून रहाटाला वळत नाही. भावोजी रोज येतात, त्याला जूची सवय लावतात. आज जू घालताच हा खाली बसला. भावोजीही शेजारी बसले. दोघं बराच वेळ बसून होते, कोण आधी उठतो बघत. भावोजी आधी उठले.

केविनने विचारलं नाही. पण ईस्टरची तारीख त्याच्याही लक्षात आहे.

१६ मार्च

आज रहाट फिरला!!

 सकाळी मिस्सेनंतर भावोजींनी त्याच्या डोळ्यांना झापड बांधलं, फ्रान्सिसने शिवून ठेवलं होतं तेच. जू घातलं. मी पुढे, हातात गूळ. केविन मागे. हा उभा तो उभाच. भावोजी ओरडले, केविनने थोपटलं, काही नाही. शेंगदाणा हलेना! मला राग आला. सगळ्या महिन्यांचा राग एकदम आला, याचा, केविनचा, न सांगता निघून गेलेल्या माणसाचा, आणि तोंडातून निघून गेलं –

“हो कप्तान! चल!”

आणि चालला. कर्र... चाकाने आळस दिला. कर्र, कर्र. गाडगी बावखलात बुडाली, वर आली, गळत, चमकत. पाण्याची पहिली धार पाटात पडली, पुढे पालापाचोळा ढकलत निघाली.

कप्तान हा आमचा शेवटचा रहाटाचा बैल. केविन लहान असताना गेला. त्याला अशीच हाक मारायचे. माझं तोंड चुकलं, सवयीने गेलं, वर्षांची सवय. पण कान याने टवकारले! आता नाव बदलायचं कसं?

मी म्हटलं, फ्रान्सिसच्या मनात कुठलं होतं कोण जाणे. मी भलतंच ठेवून बसले.

भावोजी म्हणाले, “तेच होता. त्याला दुसरा नाव सुचला असता का कधी? पोराचं नाव सुचवायला सांगितला तवा पन आधी कप्तानच बोललेला.”

केविन म्हणाला, “काय?”

हसलो. केविन मोगऱ्याच्या वाफ्यापर्यंत धावत गेला. बूट काढून, पॅन्ट वर करून पाण्याच्या आधी जाऊन उभा राहिला. गोशाळेचं नाव कोणी काढलं नाही. टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती, कसला आवाज म्हणून.

आवाज तोच. फक्त आता एकच रहाट. पलीकडून कोणी उत्तर देत नाही.

कप्तान. शेवटचा. पण बैल झाला माझा, नाव मिळालं त्याला. फ्रान्सिस, ऐकलंस का?

२९ मार्च

प्रिस्काने कालवड विकायची ठरवली, म्हणून आधी विनिता डॉक्टरांना बोलावलं, बघा तरी दोष काय आहे. मी कुंपणाशी उभी. डॉक्टरांनी तपासलं, हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, गाभण आहे. तीन महिने. नाताळच्या आसपासची.

प्रिस्का म्हणाली शक्यच नाही, माझी पोर कुठे गेलीच नाही, दावणीला होती, फक्त त्या दिवशी गव्हाणीत –

आणि थांबली.

ती माजावर होती, दिवसभर हंबरत होती आणि आम्ही म्हणत होतो, नवी जागा आहे! गुरं राखण्यात जन्म गेलेली आम्ही सगळी माणसं! लांबून कोणाला कळत नाही म्हणे. जवळून तरी कोणाला कळलं? एकट्या योसेफांनी बघितलं असेल, ते पालथे पडले!

प्रिस्का आधी ओरडली, मग हसायला लागली, मग मी रडायला लागले आणि तिने कुंपणावरून माझा हात धरला. विकणार नाही म्हणाली. ‘माझं नातवंड ना गं तिच्या पोटात, कशी विकू? आणि गोऱ्हा झाला तर तुला देईन हो, डेल्फिन. नाव काय ठेवशील?’

मी म्हटलं, “नाव ठेवू नका हां अजून.”